विनामोल वाद्याचे मोल : तानसा परिसरातील तारपा आणि अल्पसाधन विद्यार्थ्याचे सुषिरवाद्य-शिक्षण

सारांश

मोठे सुषिरवाद्य शिकणे ही गरीब विद्यार्थ्यासाठी नेहमीच कठीण गोष्ट राहिली आहे. पाश्चात्त्य बँडमधील ट्यूबा हे वाद्य इतके महाग आहे की, त्याचे शिक्षण प्रायः लष्कर, चर्च, गिरणी किंवा बँडमालक यांच्या खर्चाने झाले. याउलट तानसा–वैतरणा खोऱ्यातील तारपा हे वाद्य जवळजवळ विनामूल्य तयार होते. तरीही आज तारपा शिकणाऱ्या मुलांची परंपरा क्षीण होताना दिसते. वाद्याची किंमत आणि शिक्षणाची किंमत या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या दोन वाद्यांच्या इतिहासाची तुलना करून प्रस्तुत निबंधात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : तारपा, ट्यूबा, दमसास, वारली, तानसा, आश्रमशाळा.

प्रस्तावना

ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात असलेला तानसा तलाव १८९२ पासून मुंबई शहराला पाणी पुरवीत आहे. शहराच्या इतिहासात तानशाचे नाव येते ते धरण आणि जलवाहिनी यांच्या संदर्भात. परंतु या तलावाभोवतीच्या डोंगराळ मुलखाला स्वतःचा सांस्कृतिक इतिहास आहे. वारली, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी, कोकणा अशा समाजांची येथे वस्ती आहे. शहापूर तालुका संपूर्ण आणि शेजारच्या मुरबाड तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तानशाच्या उत्तरेला वाडा, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, डहाणू हा तारप्याचा प्रमुख प्रदेश लागतो. हे तालुके २०१४ मध्ये पालघर जिल्हा स्वतंत्र होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते.

याच मुलखात लग्नसराईत पितळी बँडही वाजतो. म्हणजे फुंकून वाजवावयाच्या मोठ्या वाद्यांच्या दोन परंपरा येथे शेजारी शेजारी नांदत आहेत. एक कारखान्यात तयार होणाऱ्या धातूच्या वाद्याची आणि दुसरी भोपळा, बांबू व ताडपत्री यांपासून घडणाऱ्या वाद्याची. पदरी पैसा नसलेला मुलगा यांपैकी कोणते वाद्य शिकू शकतो, त्यासाठी त्याला कोणाचा आधार लागतो आणि तो आधार सुटला म्हणजे काय होते, हे प्रश्न केवळ संगीताचे नाहीत. ते सामाजिक इतिहासाचेही आहेत.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. ट्यूबा व तत्सम पितळी वाद्यांच्या शिक्षणाचा खर्च इतिहासात कोणी उचलला, याचा आढावा घेणे.
२. तारप्याची घडण व त्याच्या शिक्षणाची पारंपरिक पद्धती समजून घेणे.
३. तारप्याच्या शिक्षणात आलेल्या अडथळ्यांची ऐतिहासिक कारणे शोधणे.

अभ्यास पद्धती

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व तौलनिक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित साधनांवर भर दिला आहे. १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर, सिमिंग्टन यांचा १९३९ चा अहवाल, के. जे. सावे यांचा वारली समाजावरील १९४५ चा ग्रंथ, गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक आणि भारतातील लग्नबँडवरील ग्रेगरी बूथ यांचा २००५ मधील ग्रंथ ही या विषयाच्या अभ्यासकाला उपयोगी पडणारी प्रमुख साधने होत.

ट्यूबा : दुसऱ्याच्या खर्चाने शिकले गेलेले वाद्य

ट्यूबा हे पितळी वाद्यांतील सर्वांत खालच्या स्वरांचे वाद्य. बर्लिन येथील लष्करी बँडचे प्रमुख विल्हेल्म वीप्रेख्ट आणि वाद्यनिर्माते योहान मोरिट्झ यांनी १८३५ मध्ये त्याचे पेटंट घेतले. म्हणजे या वाद्याचा जन्मच लष्करी बँडची गरज भागविण्यासाठी झाला. नळीची लांबी जितकी अधिक तितका स्वर खाली जातो. बी-फ्लॅट ट्यूबाची नळी सरळ केली तर ती सुमारे १८ फूट भरते. एवढी नळी वळविणे, तिला झडपा बसविणे आणि ती हवाबंद राखणे हे कुशल कारागिराचे काम आहे. त्यामुळे हे वाद्य स्वस्त होणे कठीणच होते.

परिणामी सामान्य घरातील मुलाने ट्यूबा विकत घेऊन शिकावा, असे क्वचितच घडले. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात खाणकामगार व गिरणीकामगार यांचे बँड उदयास आले, तेव्हा वाद्ये बहुधा बँडच्या किंवा मालकाच्या मालकीची असत. यॉर्कशायरमधील ब्लॅक डाइक मिल्स बँडला १८५५ मध्ये जॉन फॉस्टर यांच्या गिरणीने वाद्ये व गणवेश पुरविले. कामगाराने द्यावयाचा तो केवळ वेळ आणि श्वास. वाद्य संस्थेचे, सराव कामगाराचा, अशी ही वाटणी होती.

पश्चिम भारतात या वाटणीचे उत्तम उदाहरण गोव्यात आढळते. पोर्तुगीज काळात चर्चशी संलग्न असलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचण्याचे आणि वाद्य वाजविण्याचे शिक्षण मिळे. चर्चला उपासनेसाठी गायक-वादक हवे असत, म्हणून शिक्षणाचा भार चर्चने उचलला. या शिक्षणाच्या बळावर अनेक गोमंतकीय तरुण ब्रिटिश पलटणींच्या, संस्थानांच्या आणि पोलिसांच्या बँडमध्ये नोकरीस लागले. मुंबईत आल्यावर धोबीतलाव परिसरातील ‘कूड’ म्हणजे गावकऱ्यांनी चालविलेली सामायिक निवासस्थाने त्यांचा आधार ठरली. थोड्या पैशांत डोके टेकायला जागा मिळाली की उरलेला दिवस कामाच्या शोधात आणि सरावात घालविता येई. अल्पसाधन वादकाच्या इतिहासात शिक्षकाइतकेच महत्त्व अशा निवाऱ्यालाही आहे.

स्वातंत्र्यानंतर लष्करानेही ही जबाबदारी सांभाळली. १९५० मध्ये पचमढी येथे लष्करी संगीताच्या शिक्षणाची व्यवस्था सुरू झाली. तेथे शिकणाऱ्या जवानाला वाद्य विकत घ्यावे लागत नाही. ते त्याच्या सेवेचाच भाग असते.

लग्नाचा बँड : मालक आणि शागीर्द

पितळी वाद्य गावोगाव पोहोचले ते लग्नाच्या बँडमुळे. परदेशी वाद्ये सामान्य बँडला परवडणारी नव्हती. ही उणीव मीरतच्या वाद्यनिर्मात्यांनी भरून काढली. तेथील नादिर अली अँड कंपनी ही पेढी १८८५ मध्ये स्थापन झाली. पुढे मीरत हे देशी पितळी वाद्यांचे प्रमुख केंद्र बनले.

तरीही गावातील मुलगा वाद्याचा मालक झाला नाही. वाद्ये व गणवेश सामान्यतः बँडमालकाचे आणि वादक हंगामी मजुरीवर, अशी व्यवस्था रूढ झाली. नवख्याच्या हाती प्रथम मुख्य चालीचे वाद्य दिले जात नाही. ताल किंवा युफोनियमसारखे साथीचे वाद्य घेऊन तो रांगेत उभा राहतो आणि ऐकून ऐकून शिकतो. सनईच्या परंपरेतही असेच आहे. शिकणाऱ्याने आधी नुसता ‘सूर’ धरावयाचा, दमसास बसला की मग चालीकडे वळावयाचे. ज्याच्या हाती अखंड सूर आहे त्याला स्वतःची हुशारी दाखविता येत नाही, पण श्वासाचे शिक्षण त्यालाच सर्वांत आधी मिळते.

या पद्धतीत फी नाही, परंतु मोकळीकही नाही. वाद्य मालकाच्या खोलीत राहते. हंगाम संपला की मुलाच्या हातून वाद्य सुटते. पावसाळ्यात सरावाला वेळ असतो, पण वाद्य घरी नसते. लग्नसराईत वाद्य हाती असते, तर सरावाला वेळ उरत नाही. पितळी वाद्य शिकणाऱ्या गरीब विद्यार्थ्याची खरी अडचण ही आहे. केवळ वाद्याची किंमत सांगितल्याने ती समजत नाही.

तारपा : घडण आणि अर्थशास्त्र

तारप्याच्या बाबतीत मात्र वाद्य वादकाच्या स्वतःच्या हातचे असते. वाळवलेला दुधी भोपळा कोरून त्याचा हवेचा कोठा करतात. भोपळ्याच्या खालच्या बाजूस बांबूच्या दोन नळ्या शेजारी शेजारी बसवितात. नळ्यांच्या आत बांबूच्याच पातळ जिभाळ्या असतात. फुंकर पडताच त्या कंप पावतात आणि स्वर निर्माण होतो. नळ्यांच्या टोकाला ताडाची पाने एकावर एक गुंडाळून कर्णा तयार केला जातो. सांधे मेणाने बंद करतात. वाद्याची लांबी वादकाच्या इच्छेप्रमाणे व उपयोगाप्रमाणे बदलते. मोठा तारपा माणसाच्या उंचीएवढाही असतो. वाद्यशास्त्राच्या दृष्टीने तारपा हा गारुड्याच्या पुंगीच्या कुळातला आहे.

या वाद्याचा कोणताही भाग बाजारातून आणावा लागत नाही. भोपळा परसातल्या वेलावर, बांबू रानात, पाने ताडाच्या झाडावर, मेण मोहोळात. वाद्याला लागणारा पैसा शून्याच्या जवळ असतो. मात्र त्याला ज्ञान भरपूर लागते. कोणता भोपळा कडक वाळेल, बांबूचे कोणते पेर घ्यावे, जिभाळी किती तासावी, हे चुकले तर वाद्य बोलत नाही. जिभाळी जाड राहिली तर दम पुरत नाही आणि फार पातळ झाली तर स्वर फाटतो. म्हणून तारपा शिकणाऱ्या मुलाला वादक होण्याआधी थोडा कारागीर व्हावे लागते. ट्यूबा बिघडला तर तो दुरुस्तीसाठी कारागिराकडे न्यावा लागतो. तारपा बिघडला तर वादक स्वतःच बसून तो सारखा करतो. अल्पसाधन विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा फरक किमतीतील फरकापेक्षा मोठा आहे.

तारप्याचा सराव

तारपा सुरू झाला की मध्ये थांबत नाही. नाच रात्रभर चालतो. वादक मध्यभागी असतो आणि हातात हात गुंफलेली नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती वळसे घेत फिरते. वारली चित्रकलेतील सर्वपरिचित तारपानाचाचे चित्र हेच आहे. वादकाने दिशा बदलली की साखळीही बदलते, चाल बदलली की पावलेही बदलतात. त्यामुळे स्वर तुटला तर नाच तुटतो.

हा अखंड स्वर चक्राकार श्वसनाने साधतो. गालांत साठविलेली हवा बाहेर ढकलीत असतानाच नाकाने श्वास आत घ्यावयाचा, अशी ही रीत आहे. जगात अनेक सुषिरवाद्यांत ती आढळते. ती शिकण्यास वाद्याचीही गरज नसते. पोकळ नळी पाण्यात बुडवून बुडबुडे न तोडता फुंकत राहणे हा त्याचा सर्वत्र परिचित अभ्यास आहे. म्हणजे वादनाचा सर्वांत अवघड भाग सर्वांत कमी खर्चात शिकता येतो. त्याला लागतात महिन्यामागून महिने.

हे महिने पूर्वी मुलाला मिळत असत. गुरे राखणारे पोर दिवसभर माळावर असे. तेथे मोठ्यांचे लक्ष नसे, आवाजाचा कोणाला त्रास नसे आणि चुकण्याची मुभा असे. शहरातील ट्यूबाच्या विद्यार्थ्याला शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे सरावाची जागा शोधावी लागते. डोंगरातील मुलाला ती अनायासे लाभत होती. रात्री नाचात बापाच्या वा आजाच्या बाजूला उभे राहून त्याने चाली कानात साठवाव्यात आणि दिवसा माळावर त्या आठवून पाहाव्यात, असा हा क्रम होता. जव्हार तालुक्यातील वाळवंडे येथील ज्येष्ठ तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ मध्ये पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला. त्यांच्या घराण्यात हे वादन पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. विद्यालयीन प्रमाणपत्राशिवाय मिळालेल्या शिक्षणाचा हा राष्ट्रीय पातळीवरील गौरव होय.

तारप्याला ऋतूचे बंधन आहे. शेतात नवे धान्य तयार होऊ लागल्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ हा त्याचा प्रमुख हंगाम. पीक, देव आणि वाद्य यांचा संबंध त्यातून व्यक्त होतो. शिक्षणाच्या दृष्टीने या हंगामाचे महत्त्व पुढे पाहावयाचे आहे.

अडथळ्यांचा इतिहास

तारप्याच्या शिक्षणाला पैसा लागत नसला तरी तीन गोष्टी आवश्यक होत्या : रानावरचा हक्क, स्वतःचा वेळ आणि जाणत्यांचा सहवास. या तिन्ही गोष्टींवर गेल्या दीडशे वर्षांत मर्यादा आल्या.

पहिली मर्यादा रानाची. १८७८ च्या वनकायद्याने जंगलाचा मोठा भाग राखीव होण्याचा मार्ग मोकळा केला. त्याच वर्षीच्या मुंबई अबकारी कायद्याने ताडीच्या झाडांवर सरकारी नियंत्रण घट्ट झाले. १९२७ च्या वनकायद्याने हीच चौकट पुढे चालविली. तानसा तलावाचे पाणलोट क्षेत्र शहराच्या पाण्यासाठी संरक्षित झाले आणि १९७० मध्ये तानसा अभयारण्य अस्तित्वात आले. जंगल राखले गेले ही इष्टच गोष्ट होय. परंतु बांबूचे एक पेर तोडणे ही ज्या समाजाची नित्याची गोष्ट होती, त्याच्या दृष्टीने ती परवानगीची बाब झाली.

दुसरी मर्यादा वेळेची. सिमिंग्टन यांच्या अहवालाने आदिवासींवरील वेठ आणि कर्जबाजारीपणा यांकडे लक्ष वेधले होते. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी आयुष्यभर सावकाराकडे राबणारा ‘लग्नगडी’ हे त्याचे विदारक रूप. १९४५ मध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली शामराव व गोदावरी परुळेकर यांनी वारल्यांना संघटित केले. वेठ व लग्नगडी या प्रथांविरुद्ध लढा उभा राहिला. त्या वर्षी १० ऑक्टोबर रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर गोळीबार होऊन जेठ्या गांगड व इतर हुतात्मे झाले. या लढ्याचा विचार सामान्यतः मजुरी व जमीन यांच्या संदर्भात केला जातो, आणि ते योग्यच आहे. पण ज्याचा दिवस दुसऱ्याच्या मालकीचा असतो त्याची संध्याकाळही त्याची नसते. वेठ संपणे म्हणजे माणसाला आपला वेळ परत मिळणे होय. नाच आणि वाद्य यांच्या इतिहासातही या लढ्याला स्थान द्यावे लागेल.

तिसरी मर्यादा सहवासाची, आणि तिचे कारण विरोधाभासाने शिक्षण हेच आहे. स्वातंत्र्योत्तर काळात आदिवासी मुलांसाठी निवासी आश्रमशाळांचा विस्तार झाला. शहापूर येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. अन्न, निवारा व शिक्षण देणाऱ्या या शाळांचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि शाळेचे पहिले सत्र जूनमध्ये सुरू होते आणि दिवाळीच्या सुटीपर्यंत चालते. तारप्याचा हंगामही याच सत्राच्या उत्तरार्धात येतो आणि दिवाळीशी संपत येतो. म्हणजे गावात ज्या रात्री तारपा वाजतो, त्या रात्री शिकण्याच्या वयाचे मूल वसतिगृहात असते. ते सुटीवर घरी पोहोचते तेव्हा हंगाम मावळत असतो. कोणी बंदी घातली नाही, कोणाचा हेतू वाईट नाही, तरीही दोन वेळापत्रकांच्या मेळाअभावी एक परंपरा शिष्यांना मुकते. अशा शाळेत मिरवणुकीसाठी लेझीम किंवा ढोलताशा येऊ शकतो, कारण तो विकत आणता येतो. तारपा विकत आणता येत नाही. तो घडवावा लागतो.

याच जिल्ह्याच्या इतिहासात या पेचाला एक उत्तरही सापडते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे कोसबाड येथे आदिवासी बालकांच्या शिक्षणाचे कार्य उभे केले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत हे पाहून त्यांनी शाळाच कुरणात नेली. ‘कुरणशाळा’ हा प्रयोग मुलाच्या वेळेनुसार शाळा वाकविण्याचा होता. ज्या माळावर अक्षरे जाऊ शकतात, त्या माळावरून स्वर शाळेतही येऊ शकतात.

निष्कर्ष

१. ट्यूबासारखे महाग वाद्य गरीब विद्यार्थी शिकू शकला, तो कोणत्या तरी संस्थेने वाद्याचा भार उचलला म्हणून. लष्कर, चर्च, गिरणी व बँडमालक ही अशा संस्थांची उदाहरणे होत. ज्याची मालकी त्याचा अंमल, हे या व्यवस्थेचे वैगुण्य होते.

२. तारप्याची मालकी वादकाकडेच राहिली. परंतु त्याच्या शिक्षणाचा खर्च रान, मोकळा वेळ व गाव यांनी मिळून सोसलेला होता. तो रोख नसल्यामुळे त्याची कोठे नोंद झाली नाही. जे फुकट दिसत होते ते वस्तुतः सामायिक होते.

३. म्हणूनच केवळ पुरस्कार, मानधन किंवा महोत्सव यांतून परंपरा टिकणार नाही. त्यांचा लाभ निष्णात वादकाला होतो, शिकाऊ मुलाला नव्हे.

या दृष्टीने काही उपाय शक्य कोटीतले आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूचा समावेश गौण वनोपजात केला आहे. तेव्हा वाद्यापुरत्या बांबूचा प्रश्न ग्रामसभेच्या पातळीवर सुटू शकतो. दहावीच्या परीक्षेत लोककलेसाठी वाढीव गुणांची तरतूद आहे. मात्र ती प्रमाणपत्रावर आधारलेली असल्याने घरी शिकलेल्या मुलापर्यंत पोहोचण्यासाठी तिच्यात गावातील जाणत्या वादकाच्या साक्षीला स्थान असावे. आश्रमशाळांनी भाद्रपद ते आश्विन या काळात तारपावादकास शाळेत बोलवावे आणि परिसरात दुधीचे चार वेल लावावेत. या शेवटच्या उपायाला जवळजवळ खर्च नाही.

तानशाचे पाणी जलवाहिनीने शहराला जाते, त्याचे मोजमाप होते व दरही ठरतो. त्याच मुलखात शिकल्या जाणाऱ्या वाद्याचे मोजमाप कधी झाले नाही. विद्यार्थ्याला स्वस्त वाद्य मिळवून देणे हे अर्धे काम आहे. त्याला फुंकर घालायला मोकळी संध्याकाळ आणि शेजारी बसणारा जाणता मिळवून देणे हे उरलेले अर्धे. तारप्याच्या इतिहासाचा बोध एवढाच आहे.